‘संत तुकाराम’ तसाच दिसायचा म्हणे!

काकडा सुरू झाला की आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर हमखास येतो. यंदा तिघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: प्रभातचा ‘संत तुकाराम’ नावालाच मोठा. चित्र पांढरंफटक, माणसं पळतात, आवाज चिरका, मधेच तुटतो. तेव्हाचं तंत्रच तेवढं होतं, मूळ सिनेमा असाच आहे. बाहेर देशी नाव झालं म्हणून आपण माना डोलावतो. आणि शेवटी, ‘खेड्यातल्या माणसाला सीडी काय नि फिल्म काय, सारखंच.’

हे लिहिणाऱ्यानं जी सीडी पाहिली असावी तिचं भावंड माझ्या कपाटात आहे. यवतमाळच्या बाजारात घेतलेली, दोन चकत्यांची. तिच्यावरून सिनेमाला नावं ठेवणं म्हणजे झेरॉक्स पुसट आली म्हणून सातबारा खोटा म्हणण्यासारखं आहे.

आधी ‘माणसं पळतात’ घेऊ. पळायची ती मूकपटातली. तिथं कॅमेरा हातानं फिरवायचे, वेग कमीजास्त व्हायचा आणि पुढे तीच फिल्म ठरावीक वेगानं दाखवली की सगळे धावत सुटायचे. ‘संत तुकाराम’ १९३६चा बोलपट. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चित्रं असा बांधलेला होता, नाहीतर आवाज जुळलाच नसता. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत मात्र सेकंदाला २५ चित्रांची. फिल्म टीव्हीसाठी उतरवताना कुणी काळजी घेतली नाही की प्रत्येक सेकंदात एक चित्र जास्त सरकतं आणि १३१ मिनिटांचा सिनेमा सव्वाशे मिनिटांच्या आसपास संपतो. आवाजही त्याबरोबर वर चढतो, पेटीच्या हिशेबानं पाऊण पट्टी.

ही पाऊण पट्टी मला आमच्या पेटीवाल्या काकांनी दाखवली. एकदा ते सीडीच्या बरोबरीनं वाजवायला बसले. काळी दोन लावून पाहिली, पांढरी तीन लावून पाहिली, शेवटी भाता मिटून म्हणाले, ‘सूर मधातच लटकून राह्यला ना भाऊ!’ तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस म्हणजे मुळात भजन गाणारा माणूस, संगीत केशवराव भोळ्यांचं. त्या गळ्याला चिरका म्हणायचं आणि गळा आवळणाऱ्या यंत्राला काहीच म्हणायचं नाही, हे कसं? (‘आधी बीज एकले’ आमच्याकडे तुकोबांचा अभंग म्हणूनच गातात. ती रचना ह्या सिनेमाचे गीतकार शांताराम आठवल्यांची, हे सांगून मी दोनदा बोलणी खाल्ली आहेत.)

आता ‘पांढरंफटक’. असल्या सिनेमाच्या सीडीचं, म्हणजे व्हीसीडीचं, चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एक लाखाच्या किंचित वर. डीव्हीडीत त्याच्या चौपट मावतात, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर त्याहून कितीतरी जास्त तपशील असतो. त्यात ही सीडी कॉपीच्या कॉपीवरून काढलेली, तेव्हा उजेडातलं सगळं चुना फासल्यासारखं आणि सावलीतलं सगळं डांबर.

जिजाई आजारी पोराला घेऊन देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन पांडुरंगाला जाब विचारते, तो प्रसंग आठवा. सीडीत तिथं जिजाई झालेल्या गौरीबाईंच्या चेहऱ्याचा नुसता पांढरा गोळा दिसतो आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. मी पुण्याला चित्रपट रसास्वादाच्या वर्गाला गेलो होतो, तिथं हाच प्रसंग फिल्मवर पाहिला. गोळ्याच्या जागी एक दमलेली, चिडलेली बाई होती. तिच्या कपाळावरची आठी दिसत होती, ओठ थरथरताना दिसत होते. ती चिडते त्यात पोराची काळजी किती आणि नवऱ्यावरचा राग किती, हे त्या चेहऱ्यावर वाचता येतं. सिनेमा मोठा आहे तो ह्या जिजाईमुळे, चमत्कारांमुळे नव्हे, असं माझं मत. आणि सीडीनं नेमकी तीच पुसली.

मधे तुटतो, कारण एका चकतीत जेमतेम ७४ मिनिटं मावतात. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिथं मध्यंतर ठेवलेलं नाही.

बाहेर देशी नाव झालं हे खरं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. परीक्षकांनी फिल्म पाहिली होती, यवतमाळची सीडी नव्हे.

जुन्या फिल्मवर ओरखडे असतात, हा एक आक्षेप मात्र रास्त आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी, नाही पेटली तरी हळूहळू कुजणारी. २००३ साली पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुनी रिळं जळाली. तेव्हा आज कुणाकडेही १९३६चा लखलखीत सिनेमा मिळणार नाही, थोडे ओरखडे राहणारच. पण ओरखडे काळाचे, पळणारी माणसं आणि कोपऱ्यातला शिक्का आळसाचा. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका. आणि हेही कबूल करतो की जत्रेतला तंबू उठल्यावर गावात तुकाराम आला तो ह्याच स्वस्त सीडीतून. नसती तर आमच्या पोरांनी तो पाहिलाच नसता.

राहिला खेड्यातला माणूस. ग्रामपंचायतीच्या मोठ्या टीव्हीवर एकादशीला आम्ही सीडी लावली, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काहो गुरुजी, दुष्काळातला तुका असा गुबगुबीत कसा दिसून राह्यला?’ जुन्या सिनेमाची चौकट चाराला तीन. टीव्ही रुंद, त्यानं चित्र ताणून भरलं होतं आणि तुकोबा तिसऱ्या हिश्श्यानं फुगले होते. जे त्या मजकूरवाल्याला दिसलं नाही ते काकूंनी न शिकता पकडलं.

यंदा मी आधीच टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चौकट चाराला तीन केली. (‘झूम’ करू नका, त्यात वरून-खालून पाव चित्र कापलं जातं.) दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. सरपंच म्हणाले, ‘गुरुजी, एवढा टीव्ही घेतला अन् अर्धा रिकामाच?’

मी रिमोट शोधेपर्यंत मागून काकूच बोलल्या, ‘राहू द्या. तुका बारीकच बरा.’