कुठला सेक्टर 8?

फंक्शन चार ओळींचं. फोल्डरचा पत्ता घ्यायचा, फाइलचं नाव घ्यायचं, मधे स्लॅश चिकटवायचा. "यात टेस्ट काय करणार?" महापेच्या ऑफिसात चहा ढवळत डेव्हलपरने विचारलं. मी टेस्टर, असल्या प्रश्नांवरच माझं घर चालतं.

मी पत्त्याच्या शेवटी आधीच स्लॅश देऊन ठेवला. दोन स्लॅश झाले. "लिनक्स जास्तीचे स्लॅश एकच धरतं," तो म्हणाला. पण लाजेकाजेस्तव पायथॉनची तयार जोडणी वापरली. मग मी स्लॅश फाइलच्या नावापुढे लावला. त्या जोडणीत दुसरा तुकडा स्लॅशने सुरू झाला, की पहिला गळूनच पडतो. आमचा अपलोडचा फोल्डर गायब, फाइल थेट रूटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात. "डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलंय," म्हणे. लिहिलेलं तर आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही बरंच असतं.

पत्त्यात दोन टिंबं म्हणजे एक जिना वर, वरच्या फोल्डरात. मी वीस जिने दिले. रूट म्हणजे गच्ची. तिथे पोचल्यावर पुढचे जिने फुकट जातात. आमचं फंक्शन मात्र मुकाट्याने गच्चीवर गेलं आणि तिथून सगळ्यांच्या घरात डोकवायला लागलं.

तेवढ्यात फोन. "ताई, पार्सल आहे. सेक्टर 8 मध्ये उभा आहे, बिल्डिंग दिसत नाही."

"कुठला सेक्टर 8?"

"वाशी."

मी राहते ऐरोलीत. सिडकोने नवी मुंबईच्या प्रत्येक नोडला, म्हणजे उपनगराला, सेक्टर एकपासून मोजले, त्यामुळे सेक्टर 8 वाशीत आहे, नेरुळला आहे, कोपरखैरण्यात आहे आणि माझ्याही घराखाली आहे. ज्याने जिथे उभं राहून ऐकावं, तिथला. कॉम्प्युटरच्या भाषेत याला रिलेटिव्ह पाथ म्हणतात आणि त्यावरून मी सकाळीच डेव्हलपरला झापलं होतं. मिक्सरचं भांडं वाशीच्या उन्हात उभं होतं.

पण खरी कमाल पावत्यांची. ग्राहकांच्या तक्रारी यायच्या की पावती उघडत नाही. यादीत नाव दिसतंय, क्लिक केलं की 'फाइल सापडली नाही'. गंमत म्हणजे पहिल्या हप्त्याची पावती उघडे, चौथ्याची उघडे, पाचव्याची उघडे. हरवायची ती फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याची. दोन दिवस आम्ही तारखांचा हिशेब तपासला. एकाला तर अकाउंट्सवाल्यांवरच संशय होता.

तिसऱ्या दिवशी (हा शब्द लिहितानाही हात कापतो) मी यादीतल्या आणि फाइलवरच्या, दोन्ही नावांचे बाइट्स काढून शेजारी ठेवले. दोष 'ऱ' चा! युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, हे अक्षर एका तुकड्यात लिहिता येतं, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता असं दोन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही एकच. पण लिनक्सला डोळे नाहीत, ते बाइट्स मोजतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. ॲपलने 2017 मध्ये मॅकची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली ठेवायची पद्धत, बदलली, अकाउंट्सचा मॅक त्याआधीचा. तो प्रत्येक 'ऱ' चा नुक्ता सोडवून ठेवत होता. पहिल्या, चौथ्या, पाचव्यात 'ऱ' नाही, म्हणून ते सुखी.

"मराठी नावं कशाला द्यायची?" डेव्हलपर म्हणाला. हा स्वतः पक्का नौपाड्याचा! मग मी त्याला 'स्त्री' हा शब्द मोजून दाखवला. दिसायला एक अक्षर, पण दोन हलन्त आणि वेलांटी धरून 18 बाइट्स. लिनक्सवर एका नावाला 255 मिळतात. पंधराव्या 'स्त्री'ला जागा नाही. त्याने कप उचलला आणि गेला.

विंडोजचं तर विचारूच नका. इंग्रजीत 'CON' नावाचा फोल्डर करायला गेले तर नकार. डॉसच्या काळात ते नाव कीबोर्ड-पडद्याला दिलं होतं, अजून राखीव आहे. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, पण आरामखुर्चीत कुणी बसायचं नाही. शिवाय पूर्ण पत्ता 260 अक्षरांपलीकडे गेला की जुनी प्रोग्रॅम्स कोसळतात. मी ठरवून 261 चा दिला. कोसळलं. फार बरं वाटलं.

संध्याकाळी भांडं परत गोदामात गेल्याचा मेसेज आला: 'कृपया पूर्ण पत्ता द्या.' दिला. फ्लॅट, विंग, सोसायटी, प्लॉट, सेक्टर 8, समोरची पिठाची गिरणी, सगळं. 'ऐरो' पर्यंत टाइप झालं आणि चौकोन भरला.