स्मार्ट व्हायचं म्हणजे

ऑफिसातल्या एका पोरसवदा सहकाऱ्याच्या रिसेप्शनचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. तारीख, हॉलचा पत्ता, ‘कृपया आहेर आणू नये’ इथवर सगळं ओळखीचं. त्याखाली एक ओळ होती: ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल.

“म्हणजे काय घालायचं गं?” मी हिला विचारलं.

ही माझं कपाट उघडून दोन मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “कॅज्युअल आहे हो तुमच्याकडे ढीगभर. स्मार्टचं काय करायचं?”

तसा मी एके काळी स्मार्ट होतो. आमचं लग्न जमवणाऱ्या मावशीनं हिच्या माहेरी ‘मुलगा स्मार्ट आहे’ असंच सांगितलं होतं. स्थळ सुचवताना हा शब्द फार उपयोगी पडतो. मुलगा देखणा असला तर सरळ देखणाच म्हणतात. रंग, उंची, केस यांपैकी काही कमी पडत असलं, की ‘पण स्मार्ट आहे हो!’ त्यातला ‘पण’ मला बोहल्यावर उभं राहीपर्यंत ऐकू आला नाही. लग्नानंतर शब्द तोच राहिला, सूर तेवढा बदलला. भाजीवाल्याशी घासाघीस करून कोथिंबिरीची पिवळी जुडी घेऊन आलो, की “फार स्मार्टपणा करायला जाऊ नका.”

लेक मदतीला आली. “बाबा, अमेरिकेत स्मार्ट म्हणजे हुशार. इंग्लंडमध्ये नीटनेटके कपडे घातलेला.” म्हणजे दोन्ही देशांत माझी पंचाईतच. शेवटी जाडजूड शब्दकोश काढला. शर्टाला इस्त्री करण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

मुळात हा शब्द हुशारांचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत स्मार्ट म्हणजे झोंबणारं, ठणका लावणारं. जर्मन लोक वेदनेला श्मेर्त्स म्हणतात, तो ह्याचाच चुलतभाऊ. आधी घाव झोंबायचा, मग बोलणं झोंबायला लागलं. असं झोंबरं बोलायला डोकं लागतं, म्हणून शब्द हुशारीत शिरला, आणि पुढं कधीतरी कपड्यांतही. इंग्रजांचे डोळे धुरानं आजही ‘स्मार्ट’ होतात. जखमी सैनिक-खलाशांना भरपाई मिळे, तिला स्मार्ट मनी म्हणत. आता शेअरबाजारातल्या जाणत्यांच्या पैशाला म्हणतात. जखमा आमच्यासारख्यांना होतात, एवढाच फरक.

इंग्रजांना हसणार होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही ओरडली, “कांद्यानं डोळे चुणचुणतायत, पंखा लावा जरा!” आणि मी पंखा लावायचा सोडून तिथंच थबकलो. डोळे चुणचुणतात आणि शेजारचं पोरगं चुणचुणीत असतं! आपणही तोच उद्योग करून बसलोय, तोही कुठल्या साहेबाला न विचारता. मावशीनं तेव्हा ‘मुलगा चुणचुणीत आहे’ म्हटलं असतं तर? तिशीतल्या घोड्याला चुणचुणीत म्हणतात हे ऐकून हिनं तेव्हाच नकार दिला असता.

आता तर माणसं सोडून सगळंच स्मार्ट झालंय. फोन, घड्याळ, विजेचा मीटर. आमचा टीव्ही मध्येच थांबून ‘अजून बघताय ना?’ असं विचारतो. इतक्या आपुलकीनं घरातलं कुणी विचारत नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिल्या २० शहरांची यादी आली, त्यात आमचं पुणं दुसरं होतं. सोलापूरही होतं, पण आमच्या कट्ट्यावर चर्चा एकच: पहिलं कोण आणि का? (भुवनेश्वर. ‘का’वर अजून एकमत नाही.)

रिसेप्शनची संध्याकाळ आली. लेकीनं निळा शर्ट आणि त्यातल्या त्यात काळी राहिलेली जीन्स पलंगावर काढून ठेवली. “आणि बाबा, दाढी करा. स्मार्ट दिसाल.” घाईघाईत जुन्याच ब्लेडनं दाढी केली, हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं. भाच्यानं कधीतरी दिलेली आफ्टरशेव्हची बाटली सापडली. ओंजळभर ओतलं आणि गालांवर, हनुवटीवर थापलं.

“आई गं!”

“काय हो?” दाराबाहेरून हिचा आवाज. “झालात का स्मार्ट?”

“झालो,” डोळे पुसत मी म्हणालो. “अगदी जुन्या इंग्रजीतला.”