पहिला भाग बाहेर गेला आहे

एक पुस्तक हाती घ्यावे, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि मिटून कपाटात ठेवावे, एवढीच ज्याची इच्छा असते त्या वाचकाचे दिवस आता फिरले आहेत. पुस्तक हल्ली एकटे येत नाही. त्याला उत्तरभाग असतो, उत्तरभागाला उत्तरभाग असतो, मग या सर्वांच्या आधी काय घडले होते ते सांगणारी पूर्वकथा येते, आणि एवढ्यानेही भागले नाही तर खलनायकाच्या कॉलेजातल्या दिवसांवर स्वतंत्र खंड निघतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बसला, की दारे-खिडक्या लावून पंख्याखाली वाचत पडण्याखेरीज सभ्य माणसाला दुपारी दुसरा उद्योग नसतो. माझ्या त्या सगळ्या दुपारी या मालिकांनी खाल्ल्या आहेत.

छळाला वाचनालयापासूनच सुरुवात होते. मी जेथे सभासद आहे तेथे कोणत्याही मालिकेचे दुसरा, तिसरा आणि पाचवा एवढेच भाग असतात. पहिला बाहेर गेलेला असतो. कोणाकडे, असे विचारले की ग्रंथपाल नोंदवही उघडतात, रकान्यावरून बोट खाली आणतात, एका नावाशी थांबतात आणि "त्यांची नांदेडला बदली झाली" असे सांगून वही मिटतात. वर सल्ला देतात, "तुम्ही दुसऱ्यापासून घ्या की सर, चार पानांत सगळं कळतंय." दुर्दैवाने ते खरे असते. प्रत्येक दुसऱ्या भागाच्या आरंभी दोन जिवलग मित्र शेकोटीपाशी बसून, दोघांनाही पुरत्या ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना सविस्तर सांगतात. "तुला आठवत असेलच, गेल्या हिवाळ्यात तुझ्या वडिलांचा खून झाला," हे वाक्य ज्याचे वडील गेले त्यालाच ऐकवले जाते, आणि तोही बिचारा "होय, आणि तो माझ्या काकांनीच केला," अशी भर घालून माझी सोय पाहतो.

पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर देणाऱ्या लेखकावर माझा राग नाही. भवभूतीने रामाच्या आधीच्या आयुष्यावर 'महावीरचरित' हे नाटक लिहिले आणि नंतरच्या आयुष्यावर 'उत्तररामचरित'ही लिहिले. लोकांच्या ओठी राहिले ते दुसरेच. पूर्वकथेचेही सोवळे मी पाळत नाही. महाभारतात श्रीकृष्ण प्रथम भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, म्हणजे चांगला कर्तासवरता होऊन. त्याचे बाळपण सविस्तर सांगितले ते महाभारताला खिल, म्हणजे पुरवणी, म्हणून जोडलेल्या हरिवंशाने, आणि ते न सांगते तर आपल्या दहीहंडीचे काय झाले असते कोण जाणे. पण तेथे ऐकणाऱ्यांना ते हवे होते. आजच्या पूर्वकथा कोणी मागितल्या होत्या, हे मला अद्याप समजलेले नाही. मूळ पुस्तकात एका म्हाताऱ्या सेनापतीच्या गालावर व्रण असतो, तो कसा आला हे मी माझ्या मनाशी केव्हाच ठरवून टाकलेले असते, आणि माझे ठरवणे अधिक चांगले असते. मग त्या व्रणावर चारशे पानांचा खंड येतो. त्यात तरुण सेनापती कड्याला लोंबकळत असतो आणि लेखक माझा श्वास रोखून धरण्याची शिकस्त करीत असतो. मला मात्र ठाऊक असते, की हा गृहस्थ साठाव्या वर्षी ठणठणीत बसून कोणाला तरी तलवार शिकवणार आहे.

माझ्या भाचीला हे पटत नाही. तिचे म्हणणे, पूर्वकथा नंतर लिहिली गेली असली तरी ती आधी वाचली पाहिजे, कारण ती आधी घडते. या मुद्द्यावर आमच्या घरी जेवणे थंड झालेली आहेत. नार्निया या जादूच्या जगाच्या इंग्रजी बालकथांतले पहिले पुस्तक १९५० साली निघाले आणि त्या जगाच्या जन्माची कथा १९५५ साली, सहावी म्हणून आली. आता मात्र संचावर तिलाच पहिला क्रमांक छापतात. लेखकाने पाच पुस्तके झाकून ठेवलेले गुपित प्रकाशकाने पहिल्याच पुस्तकात उघडे करायचे, आणि भाचीने मला विचारायचे, "मामा, छापलंय ते चुकीचं कसं असेल?"

चित्रपटांवरून बेतलेल्या पुस्तकांबद्दल मात्र माझे मत लोकांना वाटते त्याहून बरे आहे. नवी पेठेत एका विक्रेत्याच्या चळतीतून मी असे एक उचलले तेव्हा बरोबरचा मित्र म्हणाला, "पिक्चरचं पुस्तक घेतोस काय बे?" मुखपृष्ठावर नट, आणि त्याच्या छातीवर 'आता भव्य चित्रपट' अशी गोल मोहोर. ती चिकटवलेली असेल या आशेने मी नखाने खरवडून पाहिली. ती छापलेली होती. पण हा माल निदान आपण माल आहोत हे लपवत नाही. 'स्टार वॉर्स'ची कादंबरी नोव्हेंबर १९७६ मध्ये, चित्रपटाच्या आधी सहा महिने बाजारात आली; नाव जॉर्ज लुकास यांचे, लेखणी ॲलन डीन फॉस्टर यांची. पुढे फॉस्टर यांनी १९७८ मध्ये त्याच पात्रांवर आणखी एक कादंबरी लिहिली आणि नायक-नायिका एकमेकांकडे ओढली जाताना दाखवली. १९८३ च्या चित्रपटात ती दोघे जुळी भावंडे निघाली. फॉस्टर यांच्याइतकी दया मला दुसऱ्या कोणत्याही लेखकाची आली नाही. तरीही खरा घाला वाचकांवर पडला तो २०१४ मध्ये. त्या विश्वावर तोवर निघालेल्या कादंबऱ्यांच्या ढिगाला मालक कंपनीने दंतकथा ठरवले, आणि ज्यांनी त्या पाठ केल्या होत्या त्यांना कळले की यातले काही अधिकृतपणे घडलेलेच नव्हते.

लेखक वारल्यावर तर पात्रे सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखी वारसांच्या नावे चढतात. 'ड्यून' या विज्ञानकादंबरीचे लेखक फ्रँक हर्बर्ट १९८६ मध्ये गेले. १९९९ पासून त्यांचे चिरंजीव एका सहलेखकासह पूर्वकथा काढीत आहेत, आणि वडिलांनी एका वाक्यात उरकलेल्या युद्धांचे एकेक स्वतंत्र पुस्तक झाले आहे.

या बाबतीत स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हांतेसइतका खमका लेखक झाला नाही. त्याच्या 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ साली आला. त्याचा दुसरा भाग पुरा व्हायच्या आत १६१४ मध्ये भलत्याच कोणी टोपणनावाने दुसरा भाग छापून मोकळा झाला. सर्व्हांतेसने पुढच्याच वर्षी आपला खरा दुसरा भाग काढला, त्यात खुद्द डॉन किहोटेच्या कानावर ते बनावट पुस्तक घातले, आणि त्यात आपल्याला सारागोसाला नेले आहे एवढ्यासाठी त्या सरदाराने सारागोसाचा रस्ता सोडून बार्सिलोना गाठले. शेवटी लेखकाने त्याला अंथरुणावर, मृत्युपत्र करवून, रीतसर मारले, म्हणजे पुन्हा कोणी त्याला बाहेर काढू नये.

कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले खरे, पण प्रेत दाखवले नाही, आणि १९०३ मध्ये तो जिवंत परतला. भाचीला मी ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून दाखवली. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण मामा, त्या डॉन किहोटेच्या लहानपणाबद्दल कुणी लिहिलंय का?"