अठरा हजारांची केबल

मित्रानं पुण्यातनं स्पीकरची केबल आणली, तीन मीटरची जोडी, अठरा हजार. दुकानदारानं सांगितलेलं की बेस घट्ट होतो, तबल्याचा दाया सुटा ऐकू येतो. मी वाद घातला नाही, म्हटलं रविवारी ये जुळे सोलापूरला, ऐकूनच बघू.

दुसरी केबल म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची साधी तांब्याची वायर. अँप म्हणजे ॲम्प्लिफायर, त्याच्यापुढं पडदा लावला, बायको दरवेळी नाणं उडवून केबल लावणार, कागदावर लिहिणार, तोंडातनं शब्द काढणार नाही. आम्ही दोघांनी ऐकून कुठली केबल ते ओळखायचं, असं 16 वेळा. किमान 12 बरोबर आले असते तर मी मानलं असतं, मित्राचे 9 आले, माझे 7. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आवाज तोच हाय की बे." मला लई वाईट वाटलं, कष्टाचे पैसे होते त्याचे.

आता हिशोब बघा, तीन मीटरची वायर म्हणजे जाऊन येऊन सहा मीटर, तिचा रेझिस्टन्स 0.07 ओहमच्या आसपास आणि स्पीकर आठ ओहमचा, म्हणजे फरक पडला तरी 0.1 डेसिबलच्या आत, तो कुणाला ऐकू यायचा? उलट दुकानात आवाज जरासा जरी वाढवला तरी आपल्याला तेच भारी वाटतं, कानाची रचनाच तशी आहे, म्हणून दोन्हीकडचा आवाज मीटरवर सारखा केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. अँपला वीज देणाऱ्या महागड्या पॉवर केबलचं तर बोलायलाच नको, डीपीपासून घरापर्यंत वीज साध्या ॲल्युमिनियमच्या वायरीतनं येते, शेवटच्या एका मीटरनं काय होणार?

हाय-रेझोल्युशनचंही, म्हणजे सीडीपेक्षा बारकाईनं केलेल्या रेकॉर्डिंगचंही तसंच. 2007 साली मेयर आणि मोरान या दोघांनी अमेरिकेत टेस्ट घेतली होती, एसएसीडी या हाय-रेझोल्युशन डिस्कचा आवाज विरुद्ध तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जातनं (16 बिट, 44.1 किलोहर्ट्झ) काढलेला. 554 वेळा ऐकवलं, बरोबर उत्तरं 49.8 टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखीच.

सगळं सारखंच असतं असं मी म्हणत नाही. स्पीकर-स्पीकरमध्ये फरक असतो, खोलीनं तर जमीन-अस्मानाचा पडतो. आमच्या हॉलमध्ये फरशी, वर स्लॅब, टाळी वाजवली की आवाज घुमायचा. खाली जाड सतरंजी टाकली, भिंतीपासनं चार बोटं सोडून दोन सोलापुरी चादरी दुहेरी घडी करून टांगल्या, घुमणं बरंच कमी झालं. हा फरक आम्हाला दोघांनाही डोळे मिटून कळला.

आणि कान. माझ्या काकांनी सोलापूरच्या पूर्व भागात तीस वर्षं कापडाचे माग चालवले. धोट्याच्या खडखडाटानं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं जातं, त्यांचंही तसंच झालं, बोललेल्यातले स आणि त निसटतात. महागड्या अँपवर बऱ्याचदा ट्रेबलचं, म्हणजे बारीक, उंच सूर वाढवायचं बटण नसतंच, आवाजाची शुद्धता जाते म्हणे. माझ्या जुन्या अँपवर आहे. त्याच संध्याकाळी काका आले, अभंग लावला आणि ते बटण जवळजवळ पूर्ण फिरवलं. दुसऱ्या कडव्याला काका पुढं सरकून बसले, म्हणाले, "टाळ वाजायलेत की रे."