आजोबा, तंबू उलटा आहे

तंबूत समुद्र शिरला त्याचं मला फारसं काही नाही. समुद्राचं कामच ते. पण एका साडेसात वर्षांच्या मुलीने तीन दिवसांत मला २१ वेळा 'आजोबा' म्हटलं, ते अजून खुपतंय. हो, मोजलंय मी. माझं वय ४४. केस पांढरे आहेत, मान्य. पण ते आनुवंशिक आहेत.

थंडगार किनारा, मागे जंगल, पुढे समुद्र आणि मध्ये तंबूत आपलं कुटुंब, ही कल्पना अर्थातच 'आपली' होती. आमच्या घरात 'आपण' हे सर्वनाम बेत ठरेपर्यंतच चालतं. आपण तंबूत राहू या, आपण शेकोटी करू या, आपण पौर्णिमेलाच जाऊ या म्हणजे चांदणं मिळेल. बेत ठरला की त्या 'आपण'चा 'तू' होतो. अरे, खुंट्या कुठे ठेवल्यास तू?

तर मी एकटा वाळूत खुंट्या ठोकत होतो. खुंटी सरळ आत जायची आणि दोर ताणला की हलणारा दुधाचा दात पडावा तशी अलगद हातात यायची. सहाव्यांदा ती हातात आली तेव्हा मागून आवाज आला.

"आजोबा, तंबू उलटा आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. आजोबा कुठे दिसेनात. लाल कानटोपी घातलेली, हातात बादली घेतलेली एक मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"उलटा नाहीये बाळ. असाच असतो हा."

"दार समुद्राकडे केलंय तुम्ही."

"मुद्दाम केलंय. सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र!"

तिने यावर विचार केला. खरोखर केला, भुवया वगैरे जवळ आणून. "सकाळी धुकं असतं. काही दिसत नाही. आणि आत्ता बघा, सगळा वारा आत जातोय."

तंबू खरोखरच गाल फुगवून बसला होता. मी विषय बदलायला वरचं कव्हर टाकलं. ती वाट बघत थांबली. मी चारही कोपरे बांधले. तरी थांबली. शेवटची गाठ मारली तेव्हा म्हणाली, "शिवण बाहेर आलीय."

कव्हर कसं धुवावं याच्या सूचनांची पट्टी माझ्या नाकासमोर फडफडत होती.

"आणि वाळूत खुंटी राहत नाही, आजोबा. पिशवीत वाळू भरायची, पिशवीला दोर बांधायचा आणि पिशवी आडवी पुरायची. बाबांनाही आधी येत नव्हतं. तेव्हा मी लहान होते."

हे बाबा पलीकडे आपल्या ताठ, सुरकुतीही नसलेल्या तंबूपुढे खुर्ची टाकून पुस्तक वाचत होते. माझ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. ज्याचा तंबू उभा राहिलाय त्यालाच असा हात हलवता येतो. मुलीला हाक मारून बोलावून घ्यावं, इतकं साधं काम त्यांना सुचलं नाही. उलट तिने माझं बोट धरलं आणि मला किनाऱ्यावर नेलं.

वाळूवर दोन रेघा होत्या. खालची ओल्या शेवाळाची. वरची, ओंडक्यांना टेकलेली, काळी पडून कुरकुरीत झालेली. तिने बुटाच्या टोकाने वरचं शेवाळ उचललं तर खालून शेकडो बारके कीडे टणाटण उडाले.

"ही ओली रेघ आज दुपारच्या भरतीची. ही वाळलेली मागच्या उधाणाची. तुम्ही मध्ये आहात."

एव्हाना माझं कुटुंब जमलं होतं आणि शाळेच्या सहलीसारखं माना डोलावत होतं. "मग सरकवू या का आपण?" बायको म्हणाली. पुन्हा आपण! मी ठाम नकार दिला. जागा चुकली हे मला कळलं होतं. पण दीड तासाची मेहनत एका कानटोपीच्या सांगण्यावरून उपटायची नाही, एवढा स्वाभिमान उरला होता.

खरं तर हे सगळं मला येत होतं. चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती येते हे न्यूटनने १६८७ साली लिहून ठेवलंय आणि मी ते पाठ केलं होतं. एका भरतीनंतर साधारण १२ तास २५ मिनिटांनी दुसरी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची लहान भरती. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, हेसुद्धा माहीत. दिवसा समुद्राकडून येणारे ते खारे वारे, रात्री जमिनीकडून येणारे ते मतलई वारे. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले आणि नेमका समुद्रावर नापास झालो. मतलई हा शब्द मला तेव्हाही मतलबी वाटायचा. रात्री जंगलाकडून निघालेला तो गार वारा तंबूच्या पाठीत बुक्के घालत होता तेव्हा खात्री पटली.

चांदणं धुक्याने खाल्लं. उधाण मात्र वेळेवर आलं. बारा चाळीसला माझ्या पायाला काहीतरी गार लागलं. मुलाची पाण्याची बाटली सांडली असेल म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. ओरडून संपेपर्यंत मॅट तरंगायला लागली होती.

पुढची वीस मिनिटं काळोखात काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. बायको स्लीपिंग बॅगा घेऊन पळत होती, मुलगा एकच बूट घालून दुसरा शोधत होता, मुलगी रडत हसत होती. अचानक एक दिवा जवळ आला. मागे पुस्तकवाले बाबा आणि पुढे कपाळाला हेडलॅम्प बांधलेली ती.

"काका, तुम्ही हा कोपरा धरा."

काका! गुडघाभर थंड पाण्यात, हातात ओला तंबू, आणि मला बरं वाटलं.

तंबू ओंडक्यांच्या मागे, कोरड्यात नेला. थंडी वाजते म्हणून बायकोने जाळीच्या सगळ्या खिडक्या बंद करायला लावल्या, त्यामुळे उरलेल्या रात्री चौघांच्या श्वासाची वाफ छताला धरली आणि पहाटे थेंब-थेंब आमच्यावरच पडली. बाहेरचं पाणी संपलं तर आतलं सुरू. सकाळी दार उघडलं. समोर पांढरी भिंत. दमट हवा थंड पाण्यावरून आली की धुकं धरतं, हेही पाठ होतंच.

"जाळी का बंद केली, आजोबा?"

मी उत्तर दिलं नाही. जाळी कोणी बंद करायला लावली हे सांगायला बायको जागीच होती, पण त्या क्षणी ती मुलीची वेणी घालण्यात फार गुंतली होती.

जंगलाविषयी लिहिण्यासारखं फार नाही. झाडं उंच होती, शेवाळ सुंदर होतं आणि माझे बूट प्रत्येक पावलाला काहीतरी बोलत होते. ओहोटीला खडकांच्या डबक्यात पोरांना शंखात राहणारा खेकडा सापडला. तो जुना शंख सोडून नव्यात शिरला, चार सेकंदांत. ना दांड्या, ना दोर, ना कोणी बघायला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

निघायच्या दिवशी तंबू पिशवीत बसेना. तो कधीच बसत नाही, पिशवी तेवढी मोठी का शिवत नाहीत देव जाणे. ती आली, तंबूवर लोळली, हवा काढली आणि दाराच्या बाजूला गुंडाळायला लावला. बसला. मग मात्र मला राहवलं नाही. बायको गाडीत बसल्याचं पाहून मी खाली वाकलो आणि हळूच विचारलं, "खरं सांग, मी आजोबा दिसतो?"

तिने कानटोपी वर सरकवून मला नीट न्याहाळलं. आधी केस, मग चेहरा, मग पुन्हा केस.

"रात्री नाही दिसत," ती म्हणाली.

गाडीची काच खाली होती, हे मला नंतर कळलं.