पोलिश आजी, चेक जावई

चेस्की त्येशिनच्या पुलावर पहिल्यांदा गेलो तेव्हा मध्यावरच थबकलो. अलीकडे चेकिया, पलीकडे पोलंड, खाली ओल्झा नदी. 1920 साली या नदीवर रेघ मारून एका गावाचे दोन तुकडे केले. जुना चौक पोलंडकडे, रेल्वे स्टेशन चेकोस्लोव्हाकियाकडे. चेक बाजूला राहिलेल्या हजारो पोलिशांनी घर सोडलं नाही, देशच बदलला. मी बेळगावचा, मला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या चेकियातल्या पोलिशांची मोठी संस्था 1947 ची, 'पेझेटकाओ'. नावातच 'सांस्कृतिक-शैक्षणिक' आहे. युद्धानंतर त्यांच्या जुन्या संस्था परत उभ्या राहू दिल्या नाहीत, ही एवढी मिळाली. (1938 मध्ये पोलंडनं हा भाग बळकावला होता. तो राग चेक शेजाऱ्यांच्या मनात होताच.) आज गावोगावी शाखा, हॉल, गायनवृंद.

ऑस्ट्रावातला माझा एक सहकारी म्हणतो, "अनुदानावर पारंपरिक कपडे घालून नाचतात, झालं." मला हे अजिबात पटत नाही. तिथल्या पोलिश शाळा चेक सरकारच्याच आहेत. शिकवणं पोलिशमधून, चेक विषय सक्तीचा, पगार सरकार देतं. पण पोराला कुठल्या शाळेत घालायचं ते घरात ठरतं. आणि घरात काय ठरणार, ते बऱ्याच अंशी आई-बाप कुठल्या हॉलमध्ये नाचून मोठे झाले त्यावर.

ऑगस्टमध्ये त्याच भागातल्या याब्लुन्कोव गावात संस्थेचा लोकोत्सव 'गोरोल्स्की श्विएन्तो' भरतो, 1948 पासून. झाडीत लाकडी स्टॉल, प्रत्येक गावच्या शाखेचा वेगळा. एकीकडे एक आजी बटाटे किसत होत्या, गल्ल्यावर बारा-तेरा वर्षांचा नातू. माझ्याशी चेकमध्ये बोलला, पण सुट्टे पैसे मोजताना ओठांत पोलिश आकडे. माझ्या दृष्टीनं संस्थेचा अहवाल तोच.

आता तक्रार. चेकियात स्वतःला पोलिश म्हणवणारे 2001 च्या जनगणनेत सुमारे 52 हजार होते, 2011 मध्ये 39 हजार. लग्नं सर्रास मिश्र होतात. तरी मी पाहिलेल्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन, भाषणं, विनोद सगळं पोलिशमध्ये. घरातला चेक जोडीदार बाहेर बिअर घेऊन उभा.

त्याच स्टॉलवर घामाघूम होऊन धिरडी उलटणारा गडी आजींचा चेक जावई निघाला. दर वर्षी येतो म्हणे. माझ्या मोडक्या चेकमध्ये विचारलं, "हे सभासद आहेत ना?"

आजींनी किसणी खाली ठेवली. "अगं बाई, त्याला कधी विचारलंच नाही."