‘चांगला अ‍ॅम्प जळाला म्हणून सांगितले’ या तक्रारीला दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण अभिप्रायात आमच्या दुकानाला दिलेला एकच तारा (स्टार) आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला, आपल्या गाडीच्या कामाच्या नोंदीचे कार्ड काढून त्याच्याशी ताडून पाहिला आणि मगच हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : मार्चमध्ये आमच्याकडून गाडीतल्या वूफरसाठी (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाच्या स्पीकरसाठी) बसवून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर जुलैमध्ये सुरू होईनासा झाला, आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने तपासून ‘आत जळाला आहे, नवीन घ्यावा लागेल’ असे सांगितले, साडेआठ हजारांचा आकडा दिला आणि तपासणीचे ३०० रुपये घेतले, पुढे कोल्हापुरात एका कारागिराने तोच अ‍ॅम्प टेबलावर जोडताच तो चालू झाला आणि दोष बॉनेटखालच्या गंजलेल्या फ्यूज होल्डरमध्ये निघाला. म्हणजे आम्ही चांगली वस्तू मेलेली दाखवून नवीन खपवायला निघालो होतो, असे आपण लिहिले आहे.

अ‍ॅम्प चांगला होता आणि आमचे निदान चुकले, हे मी सर्वांसमोर मान्य करतो. खपवण्याचा हेतू नव्हता. पण आपल्याकडून पैसे मागितले गेले होते, तेव्हा केवळ माझ्या शब्दावर आपण विश्वास ठेवावा असे मी म्हणणार नाही. चूक नेमकी कुठे झाली, ते सांगतो.

अ‍ॅम्प सुरू व्हायला तीन जोडण्या लागतात : बॅटरीकडून येणारी जाड तार, गाडीच्या पत्र्याला दिलेले अर्थिंग, आणि स्टिरिओ चालू होताच अ‍ॅम्पला जागे करणारी बारीक रिमोट वायर. आमच्या मुलाने तिन्ही तपासल्या होत्या. कार्डावर बॅटरीच्या तारेपुढे १२.४ व्होल्ट आणि रिमोटपुढे १२ व्होल्ट लिहिले आहे, अ‍ॅम्पवरचे दोन्ही फ्यूज ठीक असल्याची नोंद आहे. वीज पोहोचते आहे, तरी अ‍ॅम्प उठत नाही, म्हणजे दोष आत, असा त्याने अर्थ लावला. अडचण अशी की, हे आकडे त्याने तारा अ‍ॅम्पपासून सोडवून घेतले होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातून नावापुरती वीज येत असली, तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. अ‍ॅम्प मात्र सुरू होताना एकदम करंट मागतो. सांध्यात फक्त १ ओहमचा अडथळा असला, तरी ५ अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच खर्च होतात, अ‍ॅम्पपर्यंत साताच्या आसपास उरतात आणि तो पुन्हा बंद पडतो. तारा जोडलेल्या ठेवून, स्टिरिओ चालू करून तोच मीटर लावला असता, तर आकडा कोसळताना डोळ्यांनी दिसला असता. मीटर नसला, तरी हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब त्या तारेला लावला की पुरते. तो साडेचार अँपिअर ओढतो आणि सांधा खराब असेल तर लालसर, मिणमिणता जळतो.

मला अधिक लागलेली गोष्ट दुसरीच आहे. आपण अभिप्रायात लिहिले आहे की, ‘स्टिरिओ लावला की अ‍ॅम्पचा दिवा क्षणभर लुकलुकून विझतो, हे मी दुकानात सांगितले होते.’ आमच्या कार्डावर त्याचा मागमूस नाही. मुलगा गोकाककडचा आहे. त्याने कन्नडमध्ये फक्त ‘चालू आगल्ला’ (चालू होत नाही) एवढेच टिपले. दिवा लुकलुकतो आहे म्हटल्यावर आधी तार, होल्डर आणि अर्थिंग यांच्यावर संशय घ्यायचा असतो, कारण अ‍ॅम्प उठू पाहतो आहे आणि त्याला पुरेशी वीज मिळत नाही, असाच बहुधा त्याचा अर्थ असतो. आपण निम्मे निदान स्वतःच करून दिले होते, आम्ही ते कागदावरही उतरवले नाही. आता गिऱ्हाईक ज्या भाषेत तक्रार सांगेल, त्याच भाषेत ती कार्डावर लिहून घेतो आणि टेबलावर, गिऱ्हाइकासमोर, सरळ बॅटरीवर जोडून पाहिल्याशिवाय कोणताही अ‍ॅम्प जळाला असे सांगत नाही.

होल्डर गंजला, तोही आमच्याच कामामुळे. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, म्हणून आम्ही तसा बसवला, पण पुढच्या काचेवरून ओघळणारे पाणी नेमके तिथेच ठिबकते आणि होल्डर काचनळीच्या फ्यूजचा, स्क्रूने आवळायचा साधा होता. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीला तो पुरणार नाही, हे बेळगावात दुकान चालवणाऱ्याला कळायला हवे होते.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण लिहिले आहे की, आम्ही ‘मुद्दाम कमी ताकदीचा’ ४० अँपिअरचा फ्यूज घातला होता आणि कोल्हापुरात आता ८० चा घालून दिला आहे, म्हणजे पुन्हा त्रास नको. कारागिराने दोष अचूक शोधला, त्याबद्दल मला आदर आहे. पण हा फ्यूज कृपया काढा. बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. आपल्या गाडीत आठ गेज जाडीची तार आहे आणि अ‍ॅम्पवर २० चे दोन फ्यूज आहेत, म्हणून पुढे ४० चा दिला होता. ती तार बॅटरीपासून डिकीपर्यंत पायपोशाखालून, सीटच्या कडेने जाते. कुठे घासून ती पत्र्याला टेकली, तर ८० चा फ्यूज वितळण्याआधी तारेचे आवरण वितळू शकते आणि आग गाडीच्या आतच लागू शकते.

आपले ३०० रुपये आणि कोल्हापुरात झालेला खर्च मी परत करणार आहे. तिथली पावती नसली, तरी आपण सांगाल तो आकडा मला मान्य आहे. पाणी न शिरणारा होल्डर, योग्य फ्यूज आणि नवीन सांधे विनामूल्य करून देईन, काम मी स्वतः करीन. याच वर्षी आमच्याकडून अ‍ॅम्प बसवून घेतलेल्या खानापूर, जांबोटी आणि चंदगड भागातील इतर गाडीमालकांनीही येऊन होल्डर बदलून घ्यावा; त्यांच्याकडूनही पैसे घेतले जाणार नाहीत.

आपल्याला आमच्याकडे पुन्हा यायचे नसेल, तर ते मी समजू शकतो. अशा वेळी कोल्हापुरातील त्याच कारागिराकडून ४० चा फ्यूज घालून घ्यावा आणि बिल मला पाठवावे. तोपर्यंत बॅटरीजवळचा फ्यूज काढून ठेवावा. वूफर तेवढा बंद राहील, दारांतले स्पीकर स्टिरिओवर नेहमीसारखे वाजतील.